ताण दिलेली बाग

मागच्या मे महिन्यात एका दुपारी माझ्या ओट्यावर रक्त शिजत होतं. दोन किलो साखरेचा पाक, त्यात खायचा लाल रंग, दाटपणाला कॉर्नफ्लोर, आणि बाजूला मोबाइलवर कृती वाचत उभा असलेला माझा भाचा. पहिली खेप अगदीच लग्नातल्या सरबतासारखी झाली, गुलाबी आणि प्रसन्न. मग त्यात कोको पडला, निळ्या रंगाचे दोन थेंब पडले, तेव्हा कुठे तो रंग सुकत आलेल्या जखमेच्या जवळपास गेला. "मामी, हिचकॉकनं सायकोमध्ये चॉकलेट सिरप वापरलं होतं," भाचा म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, १९६० सालचा तो सिनेमा कृष्णधवल होता, त्याला रंगाची फिकीर नव्हती. तुझा रंगीत आहे, आणि ही कढई मला संध्याकाळी भाजीला लागते.

रक्त दिसायला फक्कड झालं. पण ते साखरेचं आहे आणि शूटिंग संत्र्याच्या बागेत आहे, या दोन गोष्टी आमच्यापैकी कुणीच एकत्र ठेवून पाहिल्या नाहीत. रात्री साडेअकराला पहिला मुडदा झाडाच्या आळ्यात पडला, त्याच्या गळ्यावरून वाटीभर पाक ओघळला, आणि कॅमेरा जागेवर बसेस्तोवर मुंगळे हजर. पोरगं बिचारं दात खाऊन पडून राहिलं. शेवटी एक मुंगळा कानाच्या पाळीला डसला तेव्हा मेलेल्या माणसाचा खांदा टणकन उडाला. तोच टेक सिनेमात आहे. पांढरा शर्ट एकच आणला होता, दुसरा टेक कशाचा घेणार?

सिनेमा म्हणजे स्लॅशर. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर पाच-सहा तरुण पोरं एका आडजागी जातात, तोंड झाकलेला एकजण धारदार काहीतरी घेऊन त्यांना एकेक करून संपवतो, आणि शेवटी एक मुलगी उरते. आमच्याकडे आडजागा म्हणजे नणंदेच्या सासरची बाग, नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या पुढे. सहा मित्र, अकरा रात्री, सगळं मिळून २ लाख १० हजार रुपये. त्यातले चाळीस हजार भाच्याच्या मामाचे, जे उसने म्हणून गेले आणि आता आमच्या घरात त्यांचा विषय निघत नाही. लांबी ७८ मिनिटं. मी तो तीनदा पाहिला आहे: एकदा तुकड्यातुकड्यांनी बनताना, एकदा आमच्या गच्चीवर तीसेक माणसांत, आणि एकदा एकटीनं, कानात इयरफोन घालून. हा लेख त्या तिसऱ्या वेळेनंतरचा आहे. नातेवाइकांच्या सिनेमाबद्दल गच्चीवर खरं बोलता येत नाही, तिथं आलूबोंडे वाटायचे असतात.

बरं ते आधी. पोत्याचा मुखवटा मला फार आवडला. खुन्याच्या तोंडासाठी त्यांनी ऑनलाइन रबरी कवटी मागवली होती, ती आली तेव्हा एखाद्या बारशाला शोभेल अशी हसरी निघाली. मग माझ्या सासूबाईंनी गोदामातलं जुनं पोतं कापून शिलाई मशिनीवर टोपडं शिवून दिलं. त्यांचं वय ऐंशीच्या घरात, डोळ्यांची भोकं काही सारखी कापली गेली नाहीत. डावं मोठं, उजवं बारीक. त्या एका चुकीनं सगळं साधलं. तो चेहरा तुमच्याकडे बघतोय की तुमच्या मागं, हे शेवटपर्यंत कळत नाही. (आत घातलेल्या पोराला तर काहीच कळत नव्हतं. दुसऱ्या रात्री तो कुऱ्हाडीसकट पाटात पडला.) भाचा खट्टू झाला होता की पोतं स्वस्तातलं दिसेल. त्याला मी सांगितलं, फ्रायडे द थर्टीन्थच्या १९८१ सालच्या दुसऱ्या भागात त्या सुप्रसिद्ध खुनी जेसनच्या डोक्यावरही पोतंच आहे. हॉकीचा मुखवटा त्याला पुढच्या वर्षी, तिसऱ्या भागात मिळाला. आणि हॅलोवीन सिनेमातल्या खुन्याचा तो पांढरा, भावशून्य चेहरा तर दोन डॉलरच्या आतला, दुकानातून विकत आणलेला स्टार ट्रेकच्या कॅप्टन कर्कचा मुखवटा होता. त्याला पांढरा रंग फासला, भुवया काढून टाकल्या आणि डोळ्यांची भोकं मोठी केली, झालं.

खरं तर नागपूरच्या पोरानं मुखवट्यासाठी इतकं दूर जायची गरज नव्हती. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीनं नेऊन जाळायचा मोठा पुतळा, निघते ती १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. लहानपणी महाल भागात राहणाऱ्या मावशीच्या खिडकीतून मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिचे ते मोठाले डोळे आणि खालून उठणारा "घेऊन जा गे मारबत" हा ओरडा, दोन्ही मिळून मला त्या रात्री ताप आला होता. भाच्याला मी सुचवलंही. तो म्हणाला, "मामी, लोक मारतील." तेही खरंच. मारबत रोगराई घेऊन जाते, ती माणसं मारत फिरली तर तिच्यावर अन्यायच होईल.

आता हॅलोवीनचं नाव काढलंच आहे तर थोडं थांबते, कारण ही सगळी पोरं त्याच्याच नावानं शपथा घेतात. १९७८. दिग्दर्शक जॉन कारपेंटर. खर्च तीन लाख डॉलरच्या थोडा वर, शूटिंग वीसेक दिवसांचं. गोष्ट इलिनॉयमधल्या पानगळीची, पण शूटिंग कॅलिफोर्नियात आणि तेही वसंतात. मग कागदी पानं रंगवली, रस्त्यावर पसरली, शॉट झाला की पोत्यात गोळा करून पुढच्या रस्त्यावर नेली. संगीत नसताना तो सिनेमा त्यानं एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवला तर त्या जराही घाबरल्या नाहीत, असं कारपेंटर स्वतःच सांगतो. मग त्यानं पियानोवर ती पाच मात्रांची धून बसवली, जिचा ठेका लहानपणी वडिलांनी त्याला बोंगोवर शिकवला होता. पाचाचा हिशेब असा की मन चारवर टेकायला जातं आणि खाली पायरीच नसते. रक्त म्हणाल तर त्या सिनेमात जवळपास नाहीच.

आमच्या सिनेमात रक्त दोन किलो आहे आणि धून एका वेबसाइटवरून फुकट घेतलेली.

पण आवाज! या सिनेमातली सगळ्यात चांगली पाच मिनिटं आवाजाची आहेत, आणि ती कुणी लिहिलेली नाहीत. चौथ्या रात्री एक मुलगी झाडांच्या ओळीतून चालत येते, एवढाच शॉट होता. उजेडाला ट्रॅक्टरचे हेडलाइट, तेही हळूहळू सरकणारे, त्यामुळे झाडांच्या सावल्या तिच्या अंगावरून कंगव्यासारख्या फिरतात. मागं शेजारच्या वावरातली मोटर चाललेली. शेतीची थ्री फेज लाइन आमच्याकडे बरेचदा रात्रीच येते, त्यामुळे ती घरघर तिथं कुणाच्या कानालाच पडत नाही. आणि शॉटच्या मधोमध लाइन गेली. मोटर थांबली. मुलगी थांबली. ती अभिनय करत नव्हती, तिला खरंच वाटलं की काहीतरी झालं. आणि तिच्या तोंडून निघालं, "कोन आहे बे?"

बागेचा सालदार दिवसभर आमची गंमत बघायचा. त्याला मी दुसऱ्या दिवशी चहा देताना विचारलं, तुम्ही रात्री इथं एकटे झोपता, भीती नाही वाटत? तो म्हणाला, "आवाज आला का आमी बॅटरी नाई लावत, बाई. पयले आयकतो. डुकर असन त थे उकरतच राह्यते. मानूस असन त आवाज थांबते." एवढं बोलून तो बशीतला चहा फुंकू लागला. मी मात्र ऊन असून शहारले. या एका वाक्यावर एक अख्खा सिनेमा उभा राहिला असता, आणि आम्ही तिथं रबरी आतडी धूत बसलो होतो.

त्या मुलीचं "कोन आहे बे?" वाचलं कारण त्या शॉटचा आवाज जागेवरचाच ठेवला. बाकी जवळजवळ सगळा सिनेमा डब केला आहे आणि तिथंच तो मेला आहे. डबिंग आमच्या बेडरूममध्ये झालं. लाकडी कपाटाची दारं उघडी, त्यांवर दोन रजया आणि एक सतरंजी, मध्ये माईक, आणि कुलर बंद. नागपूरच्या मे महिन्यात कुलर बंद करून रजईत तोंड घालून "मला सोडा, मी तुमचं काय बिघडवलं आहे" असं म्हणून पाहा. एकेक वाक्य घामासारखं ओघळतं. त्यात कुणीतरी भाच्याच्या डोक्यात भरवलं होतं की पुण्या-मुंबईच्या लोकांना कळलं पाहिजे, म्हणून सगळ्या पोरांच्या तोंडी बातम्यांची मराठी. जी पोरं दिवसभर "काय करून राहिला बे" करतात ती पडद्यावर एकमेकांना "तू हे काय करतो आहेस?" असं विचारतात. भाषा खोटी पडली की माणूस खोटा पडतो, आणि खोटा माणूस मेला तर आपल्याला कशाला धस्स होईल?

माझी खरी तक्रार हीच आहे, बाकीचं कौतुकानं सोडून देता येतं. गच्चीवर सिनेमा संपल्यावर मी सहज विचारलं, दुसऱ्या नंबरला कोण मेलं? कुणालाच सांगता आलं नाही. "तो चश्मेवाला" की "टोपीवाला" यावर वाद झाला. सहा पोरं मरायलाच आलेली, तिकीट काढून. कुणाला उद्या परीक्षा नाही, कुणाचं कुणाशी भांडण नाही, कुणाला घरी जायची घाई नाही. मी भाच्याला म्हटलं, अरे, तुझ्याकडे कॅमेऱ्याला पैसे नव्हते, लाइटला नव्हते, हे कळतं. लिहायला काय लागतं? वही चाळीस रुपयांची येते. पटकथा किती दिवसांत लिहिली? तर म्हणे, "दोन रात्री, मामी." आणि ड्रोन? ड्रोनचं भाडं एका दिवसाचं अठरा हजार.

त्या ड्रोनचं मी नाव काढलं की घरात सगळे विषय बदलतात, तरी काढतेच. सिनेमात चार ठिकाणी कॅमेरा आकाशात जातो आणि खाली बाग दिसते, ओळीत ओळ, पलीकडे डांबरी रस्ता, रस्त्यावर ढाब्याचे दिवे. झालं! बागेतून सुटायला कुठं पळायचं हे प्रेक्षकाला वरून दिसलं की मग बागेत अडकलेल्या पोरीसाठी त्याचा जीव कसा टांगणीला लागणार? भीती कमरेच्या उंचीवर असते, जिथं फांद्या लागतात तिथं.

मुलीचा विषय निघालाच आहे तर तेही. सगळ्यात आधी मरते ती हाफ पँटमधली, बियर पिणारी. शेवटी उरते ती पंजाबी ड्रेसमधली, घरी वेळेवर फोन करणारी. मी विचारलं, असं का? उत्तर आलं, "मामी, ते जॉनरमध्येच आहे." आहेच ते. अमेरिकेतल्या कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ साली या शेवटच्या मुलीला "फायनल गर्ल" असं नाव दिलं. पण त्यांना त्यात दिसलं ते निराळंच: घाबरायला लावणारे हे सिनेमे बघायला येतात बहुतेक पोरं, आणि शेवटच्या अर्ध्या तासात ती सगळी त्या मुलीच्या डोळ्यांनी बघू लागतात. म्हणजे तिच्याकडे डोळे पाहिजेत, नुसती ओढणी असून भागत नाही. आमच्या पंजाबी ड्रेसवाल्या पोरीला भाच्यानं ओढणी नीट दिली आहे, करायला काही दिलेलं नाही. ती पळते, पडते, उठते. शेवटी खुनी स्वतःच विहिरीत पडतो.

आणि पडायच्या आधी तो पोतं काढून नऊ मिनिटं बोलतो. घड्याळ लावून सांगते, नऊ. त्याच्या वडिलांची बाग सावकारानं गिळली, वडिलांनी त्याच बागेत जीव दिला, म्हणून हा सूड. इथं मात्र मला राग आला. विदर्भात ही गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या घरातली असते. सालदार तिथंच उभा होता, शूटिंग बघत, आणि त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. ही गोष्ट सांगायची असेल तर ती पहिल्या मिनिटापासून सांगा, त्या माणसाच्या बाजूनं सांगा. शेवटाला खुन्याला कारण हवं म्हणून खिशातून काढायची ती वस्तू नाही. त्यापेक्षा कारण नसलेलं परवडलं. हॅलोवीनचा मायकेल मायर्स सहा वर्षांचा असताना बहिणीला का मारतो, ते तो सिनेमा सांगत नाही.

बागेवर पुन्हा येते, कारण ती या सिनेमातली सगळ्यात मोठी नटी आहे आणि तिला एक रुपया मिळालेला नाही. मे महिन्यात तिला ताण दिलेला होता. संत्र्याचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मृग बहार धरायचा तर पावसाआधी झाडाचं पाणी तोडतात. जमीन हलकी असेल तर थोडे दिवस, काळी भारी असेल तर जास्त. पानं मलूल होतात, कडा वळतात, काही गळतात, झाड आता जातं की काय असं वाटतं. मग मृगाचा पाऊस पडला की ते फुलानं भरून जातं. ताणावर असताना मध्येच कुणी पाणी सोडलं तर बहार गेला, नुसती पालवी फुटते. नणंदेचे सासरे भाच्याला पहिल्या दिवशीच ओरडून गेले होते, रक्त धुवायला पाइप लावायचा नाही, बादलीनं धुवा आणि बांधावर जाऊन धुवा.

आणि त्याच बागेत हा पोरगा दर आठ मिनिटांनी पाइप सोडून बसला होता. कुणी जरा अंधारात चाललं की दचकवणारा दणका, मागं मांजर. कुणी दार उघडलं की दणका, मागं मित्र. प्रेक्षकाच्या पोटात काही जमा व्हायच्या आतच ते सांडून टाकायचं. शेवटी खरा खून आला तेव्हा गच्चीवर माझ्या मागे बसलेल्या वहिनी शेजारणीला विचारत होत्या, भेदरे (म्हणजे टोमॅटो) काय भावानं मिळाले.

हसलेही लोक. कुऱ्हाडीचं पातं थर्माकोलचं, त्यावर चांदीचा कागद, ते चश्मेवाल्याच्या (की टोपीवाल्याच्या) डोक्यात घुसताना काटकोनात वाकलं. खांदा उडाला तेव्हा तर टाळ्या पडल्या. भाचा पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभा राहिला. मला त्या वेळी १९७४ चा टेक्सास चेनसॉ मॅसेकर आठवत होता. टेक्सासच्या उन्हाळ्यात, खिडक्या झाकून, तापलेल्या दिव्यांखाली, सडत चाललेल्या मांसाच्या वासात त्यांनी जेवणाचा प्रसंग सलग एका दिवसाहून जास्त वेळ शूट केला होता, आणि पडद्यावरच्या त्या नटांच्या डोळ्यांतला वैताग खरा आहे. त्यातही रक्त फार थोडं आहे. पण बघून आलेला माणूस शपथेवर सांगतो की पाट वाहत होते. आमची पोरंही अकरा रात्री तशाच उकाड्यात होती, घाम खरा होता, डोळे खरेच तारवटलेले होते. जिथं जिथं कॅमेरा त्या चेहऱ्यांवर नुसता थांबलाय तिथं सिनेमा उभा राहतो. मग लगेच कुऱ्हाड येते.

एक मरण मात्र लागलं. ते टोपीवाल्याचं, त्याची टोपी आता मला नक्की आठवते. झालं असं की नवव्या रात्री त्याचा मुडदा पडलेला, खुनी पाठमोरा चालत गेलेला, शॉट संपत आला, आणि मुडद्याच्या खिशातला मोबाइल वाजला. खरीच त्याची आई होती. सगळे हसले, कट म्हणाले. मी म्हटलं, कट कशाला, हेच घ्या. मग पुन्हा घेतलं: अंधार, खिशातला उजेड कापडातून दिसतोय, फोन थरथरतोय, थांबतो, परत थरथरतो. पडद्यावर अक्षरं: आई. आणि नंतर व्हॉइस मेसेज. त्यासाठी आवाज माझा घेतला, कारण रात्री दीड वाजता तिथं आईच्या वयाची मीच होते. काय बोलायचं लिहिलेलं नव्हतं. मी रोज जे बोलते तेच बोलले, "जेवला का रे? कुलरमध्ये पाणी टाकून झोपजो. अन् सकाळी फोन करजो."

गच्चीवर त्या वेळी कुणी हसलं नाही. भेदऱ्याच्या भावावर आलेल्या वहिनी गप्प झाल्या. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं, तेही हळू. अर्ध्या मिनिटाचा प्रसंग, खर्च शून्य, आणि त्या मुलाचं नाव अजूनही सिनेमात कुणी घेतलेलं नव्हतं.

भाच्यानं आता तो यूट्यूबवर चढवला आहे, सहा मिनिटं कापून. नऊ मिनिटांचं भाषण पाचावर आलं. उडालेला खांदा गेला, मला थोडं वाईटच वाटलं. ड्रोन चारही ठिकाणी शाबूत आहे, पैसे गेलेत म्हणे.

लिंक मी माझ्या मुलाला पाठवली. तो पुण्यात नोकरी करतो, मेसेजला उत्तर द्यायला त्याला दोन दिवस लागतात, आणि मी जेवण्याचं विचारलं की तेवढंच नेमकं सोडून बाकीच्याचं उत्तर येतं. त्या रात्री बारा वाजून गेल्यावर फोन थरथरला. लिहिलं होतं, "जेवलो." मग थोड्या वेळानं आणखी एक: "ड्रोन काढायला सांग त्याला."